दोन सरकारांचा जावई

"पाय दाखव," फ्रेडा म्हणाली.

फोनच्या पडद्यावर अँथनी हसला. "पाय काय दाखवायचे? आहेत दोन, जागेवर आहेत."

"फोन खाली कर आणि दाखव."

त्याने फोन खाली केला नाही. उलट खिडकीकडे फिरवला. "हे बघ, चर्चला नवा रंग दिलाय. कसा दिसतो?"

वसईतल्या गिरीजचं ते चर्च फ्रेडाने बघितलंच नाही. ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या आपल्या स्वयंपाकघरात, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर हात दाबून ती बसून राहिली. नवरा पाय दाखवत नाही म्हणजे पाय सुजलेत. आणि पाय सुजलेत म्हणजे तो आठवडाभर आपल्याशी खोटं बोलतोय.

अँथनी मूळचा गिरीजच्या वाडीतला. मुंबईतल्या एका सरकारी कारखान्यात टर्नर म्हणून लागला, वीसेक वर्षं लेथवर काढली, मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन बायको आणि लहानग्या ग्लोरियाला घेऊन ऑस्ट्रेलियात आला. पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समध्ये त्याने दुसरी नोकरी केली, तीही इमानाने. रिटायर झाला तेव्हा कारखान्याचं पेन्शन भारतातून येतच होतं, इथलंही सुरू झालं. पार्टीत कुणी विषय काढला की तो छाती फुगवून सांगायचा, "मी दोन सरकारांचा जावई आहे, मेट. या नाही तर त्या सासरी, म्हातारपणी सरबराई होणारच."

पुढे मधुमेहाने त्याच्या दोन्ही किडन्या हळूहळू खाल्ल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार हॉस्पिटलच्या डायलिसिस युनिटमध्ये जाऊन बसायचं, हातात दोन जाड सुया, शेजारी रक्त धुणारं मशीन. तिथेही त्याने दरबार भरवला. शेजारच्या खुर्चीतल्या इटालियन म्हाताऱ्याला तो वसईच्या मासळीच्या गोष्टी सांगायचा, नर्सेसना नावानिशी हाका मारायचा. फ्रेडा सोबत जायची, आणि बसून बसून शिकत गेली. पाय सुजले की अंगात पाणी साठतंय. झोपताना उशा वाढल्या की ते पाणी छातीपर्यंत आलंय. केळी आणि शहाळं वर्ज्य, कारण त्यातलं पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदय न सांगता थांबतं. "न सांगता" हे तिला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही.

मे महिन्यात सिंथियाचा फोन आला. सिंथिया अँथनीची मोठी बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता. ती एवढंच म्हणाली, "अँथनी, येतोस ना रे?"

युनिटमधल्या मंजिरीने, ती पुण्याची नर्स, सुया काढता काढता विचारलं, "अंकल, तिकडे डायलिसिस कुठे करणार? बुकिंग केलंत?"

"आमच्या कारखान्याचं हॉस्पिटल आहे ना. माझं मेडिकल कार्ड आहे."

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? दर महिन्याला पेन्शन देतात, म्हणजे मी त्यांचाच माणूस."

मंजिरीने फ्रेडाकडे बघितलं. "आंटी, तुम्ही तरी विचारा एकदा. काही देशांशी इथल्या सरकारी मेडिकेअरचा करार आहे, पण भारताशी नाही. तिकडे पोचले की इथलं काही चालणार नाही."

प्रवासाच्या विम्याचं ग्लोरियाने बघितलं. ती सिडनीत वेस्टमीडच्या हॉस्पिटलला लॅबमध्ये आहे. तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज उतरलेला होता. "डॅडी, दे वोन्ट कव्हर द किडनीज. पाय मोडला, बॅग हरवली तर देतील. किडनीचं काहीच नाही."

"म्हणजे किडन्या सोडून बाकी सगळा अँथनी सुरक्षित!" तो मोठ्याने हसला. फ्रेडाला हसू आलं नाही. तिचा गुडघा नुकताच बदललेला, तिला विमानात बसायची मनाई होती. तिने त्याला अडवायला हवं होतं का? अडवलं असतं तर बहीण गेल्यावर तो उरलेलं आयुष्य तिच्याकडे कोणत्या नजरेने बघत बसला असता? तिने अडवलं नाही. शुक्रवारचं डायलिसिस उरकून शनिवारी तो गेला.

सोमवारी त्याने फोनवर सांगितलं, "झालं डायलिसिस. हॉस्पिटल एकदम चकाचक." बुधवारीही सांगितलं, "झालं." पण मे महिन्यातल्या वसईच्या उकाड्यात त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. सुयांच्या जागी लावलेली पट्टी तिला दिसू नये म्हणून नाही, तर पट्टी नाहीच हे दिसू नये म्हणून. हे तिच्या लक्षात आलं ते गुरुवारी संध्याकाळी. त्या कॉलवर त्याच्या पापण्या फुगल्या होत्या, दर चार शब्दांनी तो दम घेत होता, आणि त्याच्या पुढ्यात बशीत सुकेळी होती. वसईची, केळी उन्हात वाळवून केलेली, मधासारखी.

"अँथनी, तू ते खाल्लंस?"

"एकच. सिंथियाने स्वतःच्या हाताने दिलं. तिला नाही म्हणू?"

मग तिने पाय दाखवायला सांगितलं, आणि त्याने चर्च दाखवलं.

फोन ठेवला तसा तिने सिंथियाच्या मुलाला, फ्रँकीला लावला. "फ्रँकी, खरं सांग. मामाचं डायलिसिस झालंय का?"

तो म्हणाला, "मामी, मला वाटलं तुला माहीत आहे."

सोमवारी कारखान्याच्या हॉस्पिटलात खिडकीवरच्या माणसाने कार्ड बघून नम्रपणे परत दिलं होतं. भारतात राहणाऱ्या पेन्शनरांसाठी ते असतं, दरवर्षी येऊन चालू ठेवावं लागतं, अँथनीचं कधीच बंद पडलंय. पेन्शन वेगळं, इलाज वेगळा. मामा बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिला. तिथून फ्रँकी त्याला वसईच्या एका खाजगी सेंटरला घेऊन गेला. तिथे सगळ्या खुर्च्या भरलेल्या, शिवाय नवीन पेशंटच्या रक्ताचे रिपोर्ट आल्याशिवाय ते मशीनला लावत नाहीत. शनिवारी या म्हणाले.

"मामा म्हणाला, मामीला सांगू नको, शनिवारपर्यंत निभेल."

"नाही निभणार. गाडी काढ. मोठ्या हॉस्पिटलात, इमर्जन्सीला ने. आत्ता."

"तो उठत नाहीये गं. आईचा हात धरून बसलाय. आईचंही काही खरं नाही. सकाळीच फादर येऊन शेवटचं तेल लावून गेले."

"फोन त्याच्याजवळ ने."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अँथनीचा, अडखळत, धापा टाकत. "फ्रेडा, थोडं थांब. तिला जाऊ दे आधी. मग नेतील मला."

ती थांबली असती तर त्याला हवं ते मिळालं असतं. बहिणीचा हात त्याच्या हातात राहिला असता. ही गोष्ट नंतर ती कितीदा तरी मनात घोळवणार होती. त्या क्षणी तिच्या डोक्यात डॉक्टरांचे ते दोनच शब्द होते, "न सांगता".

"फ्रँकी," ती म्हणाली, "उचल त्याला."

शेजारच्या दोघांना बोलावून त्यांनी त्याला खुर्चीसकट बाहेर काढलं. हॉस्पिटलच्या दारातच त्याच्या हृदयाची लय तुटली. डॉक्टरांनी ती परत आणली आणि त्याला मशीनला लावलं. त्याचं रक्त धुतलं जात असताना तिकडे गिरीजला सिंथिया गेली. तिला मातीही त्याच्याशिवायच दिली.

काही आठवड्यांनी तो सिडनी विमानतळावर व्हीलचेअरमधून बाहेर आला. ग्लोरियाने त्याला मिठी मारली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तिच्या मागे उभ्या असलेल्या फ्रेडाकडे बघितलं नाही.

परदेशात डायलिसिस झालेल्या माणसाला युनिटमध्ये लगेच सगळ्यांत बसवत नाहीत. तिकडून काही संसर्ग आला नाही ना, याचे रिपोर्ट पुन्हा पुन्हा स्वच्छ येईपर्यंत वेगळी खोली. काचेपलीकडून इटालियन म्हातारा हात हलवायचा, अँथनी मान हलवायचा, बस. मंजिरी मास्क लावून यायची, "अंकल, कसे आहात?" विचारायची. तो म्हणायचा, "नो वरीज." वसईच्या मासळीची गोष्ट त्याने पुन्हा सांगितली नाही. तपासणीत कळलं की हृदय निम्म्या ताकदीवर चाललंय.

एका बुधवारी तो आपण होऊन बोलला. "तिकडे राहायला गेलो तर कार्ड पुन्हा चालू करून घेता येतं. मी निघायच्या आधी त्या ऑफिसात विचारून आलोय."

फ्रेडाला आधी नीट समजलंच नाही. "म्हणजे कायमचं?"

"कायमचं."

"आणि इथलं मेडिकेअर?"

"बंद होईल. दोन्हीकडे एकदम राहता येत नाही."

"आणि मी?"

"तुझी ग्लोरिया आहे ना इथे." आवाजात राग नव्हता. दुकानात भाव सांगावा तसा तो बोलला.

त्याने खरोखरच तयारी सुरू केली. फ्रँकीशी बोलून सिंथियाची रिकामी खोली ठरवली, वसईच्या त्या खाजगी सेंटरला नाव घातलं, रक्ताचे रिपोर्ट आधीच मागवून ठेवले. या वेळी काही विसरायचं नाही म्हणाला. ग्लोरिया रडली, भांडली, इंग्रजीत, मग मराठीत. तो ऐकून घ्यायचा.

शेवटी अडवलं डॉक्टरांनी. इतक्या कमजोर हृदयाने एवढा लांबचा विमानप्रवास नाही. आता नाही आणि पुढेही बहुधा नाही. ते ऐकताना फ्रेडाने मांडीवरची पर्स घट्ट धरली. आपल्याला किती हलकं वाटतंय हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली. तिने वर बघितलं तेव्हा अँथनी तिच्याकडेच बघत होता. विमानतळावरून आल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतरच्या शुक्रवारी मंजिरीने सुया लावल्या, मशीन सुरू केलं आणि दार ओढून घेतलं. नळ्यांमधून रक्त फिरू लागलं. तो डोळे मिटून होता. फ्रेडाला वाटलं झोप लागली.

"फ्रेडा."

"काय?"

"डॉक्टरांना तूच सांगितलंस ना? याला सोडू नका म्हणून?"

तिने सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीपर्यंतच्या लांब कॉरिडॉरमध्ये ती तेच ठरवत चालली होती. शब्दसुद्धा जुळवले होते. फक्त बोलायची वेळ आली नाही.

"नाही," ती म्हणाली. पण ते म्हणायला तिला क्षणभर उशीर झाला होता, आणि तेवढ्यात त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.