कुसरीचा पाहुणचार

आमच्या खेडच्या घराच्या फाटकाशी कुसरीची वेल आहे. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरच्या कुंपणांत, करवंदीच्या जाळ्यांत आपली आपण वाढणारी ही रानजाई. तिला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी ऐन चैत्रात सगळा सडा करपलेला असताना ती पांढऱ्या फुलांनी भरून जाते. सासूबाईंच्या माहेरी तर म्हणे त्या दिवसांत सडाच्या सडा घमघमतो. गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांचं तिकडे जाणं बंद झालं, तेव्हा त्यांनी भाच्याकडून एक रोप मुळासकट मागवून घेतलं. तो वास एकदा तरी आपल्या दारात यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

आता, आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी आणि गुळाचा खडा. सासूबाई याबाबतीत इतक्या कडक की मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाचीही पाणी प्यायल्याशिवाय सुटका नाही. मग माहेराहून आलेल्या वेलीची कशी होणार? रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की त्या तांब्या घेऊन फाटकाशी जायच्या. "दमून आलीस गो, पी," म्हणायच्या. पहिल्या दिवशी बुंध्याशी गूळही ठेवला होता, तो मुंग्यांनी नेला. मला हे सगळं फार गोड वाटायचं. त्यांचे गुडघे दुखत असले की मीच बादलीभर ओतून यायची.

वेल फोफावली. फाटकावर चढली, दगडी गडग्यावरून पसरली, पानं नुसती तुकतुकीत. फूल म्हणाल तर एक नाही. एक चैत्र गेला, दुसरा गेला. सासूबाई पानं उलटून उलटून बघायच्या. "रुसली असेल," म्हणायच्या आणि एका तांब्याचे दोन व्हायचे.

अशात ह्यांनी जुनी गाडी घेतली. लोट्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत जन्मभर कंपनीच्या बसने गेलेला माणूस. पहिल्या गाडीवर त्यांचा जीव किती असेल ते विचारू नका. गाडीला सावली हवी, म्हणजे पत्र्याची शेड हवी, आणि शेडला जागा हवी ती नेमकी वेलीची. सासूबाईंनी एकच अट घातली. "हिरव्या वेलीला कोयती लावायची नाय. वाळली तर खुशाल काढ."

यंदा होळीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या सावर्ड्याला माझ्या नणंदेकडे गेल्या. जाताना लेकाला बजावलं, "तिला रोज पाणी घाल." हे लगेच "घालतो" म्हणाले. एरवी ह्यांचा होकार इतक्या पटकन येत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, पेपरांतून मान वर काढायला फुरसत नव्हती. एका सकाळी फाटक उघडायला गेले तर वेलीवर पान नाही, नुसत्या सुतळ्या लोंबतायत. आणि हे टेप घेऊन जागा मोजतायत.

"वाळली बहुतेक," हे म्हणाले.

"वाळली, की वाळवलीत?"

ह्यांच्या हातातला टेप सर्रकन आत गेला.

मी भडकलेच. पण रागाहून जास्त मला भीती वाटत होती. सासूबाई नवी नजर घेऊन घरी येणार आणि पहिलं हे बघणार. मी बादली भरून धावले. ओतणार तेवढ्यात एका काटकीच्या टोकाला काहीतरी दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं, लालसर. शेजारी दुसरं. मग बघावं तिकडे तेच. कळ्या होत्या. आम्ही दोघींनी लाडाने तिला कधी तहानच लागू दिली नव्हती. ह्यांनी जीव घ्यायला म्हणून पाणी तोडलं, आणि तिला सड्यावर असल्यासारखं वाटलं असणार. मी बादली खाली ठेवली आणि पोट धरून हसले. हे मात्र टेप खिशात घालून गुपचूप कामावर गेले. शेडचं नाव पुन्हा निघालं नाही.

सासूबाईंना आणायला हेच गाडी घेऊन गेले. गाडी फाटकाशी थांबली, दार उघडलं, पण त्या उतरेनात. काळा चष्मा लावून, नाक वर करून बसून राहिल्या. वास आधीच आत पोचला होता. मग उतरल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या भरगच्च पांढऱ्या वेलीकडे बघत रडायला लागल्या. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. आम्हा कुणालाच ते आठवलं नाही. मला तर इतका आनंद झाला होता की माझेही डोळे भरून आले.

मी रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले. त्यांनी तो घेतला आणि लेकाला विचारलं, "रोज पाणी घातलंस ना रे?"

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "नाय घातलं, आई. एक दिवस पण नाय."

सासूबाई वेलीकडे बघत राहिल्या, मग लेकाकडे. वेलीच्या बुंध्याशी वाकायचं सोडून त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

"मग बरोबर," त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "पाणी पाव्हण्याला देतात. ही आता घरची झाली."