थोडं वाजलंच पाहिजे

तीस वर्षं जी जीप आमच्या दारात उभी राहिली, तिच्यात मी एकदाही बसले नव्हते. आमचे हे पाणीपुरवठा खात्यात ड्रायव्हर. साहेबांना घेऊन डोंगरातल्या टाक्या नि पाइपलाइनी बघत फिरायचे आणि संध्याकाळी जीप घरी आणून लावायचे. पण घरच्या माणसाने तिच्यात पाय ठेवायचा नाही. का? तर सरकारी गाडी! मुलीच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा हे जीपच्या शेजारून धावत नाक्यावर गेले आणि रिक्षा घेऊन आले. मी दवाखाना येईपर्यंत यांचा उद्धार करत होते. शेवटी रिक्षावाला म्हणाला, "वहिनी, आधी बाळ होऊ द्या, मग भांडा."

हे निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी खात्याने ती जीप मोडीत काढली. लिलाव झाला नि यांनी ती घेतली. दोरखंड बांधून ओढत आणली. सीटमधून उंदराची पिल्लं निघाली. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "हे काय ध्यान आणलंत?"

"आता ही सरकारी नाही," हे म्हणाले. "नीट केली की पहिल्या फेरीला तू बसायचंस. म्हणशील तिथे नेईन."

आता माणूस असं बोलल्यावर त्याच्याशी भांडायचं तरी कसं? पण मी हार मानणारी नव्हे. थोडं भांडलेच.

घराच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तिथे जीप गेली. माझ्या शिलाई मशीनच्या खिडकीसमोरच. दोन वर्षं मी ब्लाउज शिवत होते आणि समोर हे गाडीखाली. फक्त दोन पाय दिसायचे. इंजिन उतरवलं, उघडलं, त्याच्या झडपा माझ्या ताटात मांडून ठेवल्या. वर पुन्हा मलाच दटावणी, "ताटाला हात लावू नकोस, क्रमाने ठेवल्यात." आणि एके दिवशी माझी कापडाची कात्री घेऊन यांनी इंजिनाचं जाड पॅकिंग कापलं! शिवणकाम करणाऱ्या बाईच्या कात्रीने! त्या दिवशी मी काय काय बोलले ते शेजारच्या काकूंना अजून पाठ आहे.

गावात यांना 'कानवाले' म्हणतात. कुणाची गाडी रुसली की ती आमच्या दारात. हे हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, "तिसऱ्याचा टॅपेट सैल आहे." टॅपेट मलाही तेव्हाच कळले. इंजिनाच्या डोक्यावर झडपा उघडणारे छोटे दांडे असतात, या जीपला आठ आहेत. सैल झाले की टकटक वाजतात. बाकीचे मिस्त्री त्यांची फट पत्ती घालून मोजतात. हे चालू इंजिनावर कानाने लावायचे. "पत्ती कशाला हवी? देवाने कान दिलेत."

फार आवळलेलाही चालत नाही म्हणे. "वाजणारा टॅपेट नुसता त्रास देतो," हे सगळ्यांना सांगायचे, "मुका टॅपेट झडप जाळतो. थोडं वाजलंच पाहिजे." आणि माझ्याकडे बघून मिशीत हसायचे. टोमणा कुणाला होता ते सांगायला नको.

या शेवटच्या वर्षात मात्र यांनी मला भंडावून सोडलं. हाक मारली तर ओ नाही. "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा," सांगून मी गिऱ्हाइकाकडे गेले. आले तर घरभर करपल्याचा वास आणि हे ओट्यापासून चार हातांवर बसून नटाला तेल लावतायत. मी म्हटलं, "जीपमध्ये चमचा वाजला तर धावत जाल, बायकोचा कुकरसुद्धा ऐकायचा नाही!" हे नुसतं "हं" म्हणाले. माझी खात्री होती, हा मुद्दाम केलेला बेरकीपणा आहे. चाळीस वर्षांचा संसार. नवऱ्याने आपलं ऐकलं नाही यात कुठल्या बायकोला नवल वाटेल?

मग तो रविवार उगवला. इंजिन जोडून झालं होतं, रंग देऊन झाला होता. यांनी आपल्या जुन्या दोस्ताला बोलावलं होतं, खात्यातला मिस्त्री, याच जीपवर दोघांनी निम्मं आयुष्य काढलेलं. यांनी चावी फिरवली. जीप गुरगुरली आणि चालू झाली, आणि काय सांगू, भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडत यावं असा आवाज! गल्लीतली कुत्री उठून निघून गेली. मी खिडकीतून बघतेय, तर यांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नाहीये.

"ऐक," हे मिस्त्रीला म्हणाले, "कशी रेशमासारखी चालतेय."

मला वाटलं चेष्टा करतायत. मिस्त्रीलाही तसंच वाटलं. तो हसला. मग हसायचा थांबला. यांच्या जवळ जाऊन मोठ्याने म्हणाला, "अरे, टॅपेट वाजतायत. आठही."

"एकही वाजत नाही," हे म्हणाले. "चांगला कान लावून..."

आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं. यांनी मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच चावी फिरवून इंजिन बंद केलं. चहा न घेताच मिस्त्री गेला. यांनी जीपवर ताडपत्री ओढली, तिच्या चारही कडा नीट बांधल्या आणि घरात येऊन म्हणाले, "मंगळवारी भंगारवाल्याला बोलावतो. जीव नाही राहिला तिच्यात."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुकर. हाका. दारावरची बेल. अहो, मी वर्षभर ज्या माणसाशी भांडत होते त्याला ऐकूच येत नव्हतं! आणि कानवाले म्हणून मिरवणारा माणूस ते सांगणार कुणाला? माझी मलाच इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी मशीनवर बसलेच नाही. हे कुशीवर वळून पडले होते. दोन वर्षं खपून उभी केलेली जीप जाणार होती, पण यांचं त्याहून मोठं काहीतरी हातचं चाललं होतं. मी नुसती बघत बसणार नव्हते.

सोमवारी दुपारी मी ताडपत्री सोडली. हे आले. "अगं, कशाला हात लावतेस?"

"चालू करा," मी समोर उभी राहून तोंड मोठं उघडून म्हटलं.

"त्याचा काही उपयोग नाही."

"चालू करा म्हणते ना!"

मी तो हातभर स्क्रू ड्रायव्हर उचलला. मलाही कान आहेत. शिलाई मशीनमध्ये धागा अडकणार असेल तर मला आधी कळतं. यांनी इंजिनाचं झाकण काढून ते चालू केलं. तेलाचे शिंतोडे थेट माझ्या साडीवर. नेहमीची मी असते तर आकाशपाताळ एक केलं असतं. मी टोक पहिल्या टॅपेटजवळ टेकवलं, मूठ कानाला लावली आणि दुसरा हात वाकलेल्या यांच्या पाठीवर ठेवला. कानात टक् झालं की बोटाने पाठीवर टक्. टक्, टक्, टक्.

हे एकदम ताठ झाले. मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. काय चाललंय ते यांना समजलं. डोळे भरून आले होते. पाना घेतला आणि स्क्रू आवळायला लागले. टकटक बारीक होत गेली तसं माझं बोट हलकं होत गेलं. आवाज पार गेला तेव्हा मी बोट थांबवलं आणि ओरडले, "झाला! बंद झाला!"

यांनी मान हलवली. स्क्रू केसभर सैल केला. पुन्हा अगदी बारीक टक् आली. ती मी पाठीवर दिली, तेव्हा कुठे यांनी नट आवळला.

आठ टॅपेटना आम्हाला चार वाजले. साडीची वाट लागली आणि खांदा भरून आला. शेवटी जीप अशी चालू लागली की शेडच्या पत्र्यावर चिमण्या येऊन बसल्या.

इंजिन बंद करून हे पायदानावर बसले. हात पुसत राहिले, पुसत राहिले. मग म्हणाले, "वर्षभर तू बोलतेस ते निम्मंच कळतं. बारीक आवाज तर गेलेच."

"मग सांगायला काय झालं होतं? मी परकी आहे?"

"सांगितलं असतं तर तू बोलायची थांबली असतीस. याला कुठे ऐकू येतंय, म्हणून." हे खाली बघूनच बोलत होते. "घर मुकं झालं असतं गं."

मला रडू आवरेना. पदराला तेल लागलेलं, डोळे पुसायचीही सोय नाही.

मंगळवारी सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्याला मी दारातूनच वाटेला लावलं. "आमच्या घरात भंगार नाही, भाऊ. जा." मग चांगली साडी नेसले आणि जन्मात पहिल्यांदा त्या जीपमध्ये चढले. सीट कडक, पायरी उंच, काही म्हणा, पण बसल्यावर सगळी गल्ली खाली दिसते.

यांनी इंजिन चालू केलं. "बोल. कुठे नेऊ?"

मी यांचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि एकेक शब्द सावकाश म्हटला. "कानाच्या डॉक्टरकडे."

यांनी गिअरवरचा हात काढून घेतला. "पहिली फेरी आहे गं," हे म्हणाले. "दुसरीकडे कुठेतरी सांग. टाकीच्या डोंगरावर नेतो."

"म्हणशील तिथे, असं कोण म्हणालं होतं?"

या माणसाने सरकारी गाडीत कळा येणारी बायको बसवली नाही, पण दिलेला शब्द कधी मोडला नाही. गिअर पडला. जीप गल्लीतून बाहेर निघाली.

नाक्यावर यांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "कशी चालतेय?"

मी यांच्या पाठीवर बोट ठेवून बारीक टक्, टक् वाजवली. आणि मग बोलायला लागले. कात्रीचं, करपलेल्या कुकरचं, त्या रिक्षाचं, काकूंचं, सगळं. निम्मं यांना कळलं नसेल. मी दवाखाना येईपर्यंत थांबले नाही.