विहिरीवरच्या द्राक्षाची दारू

आमच्याकडं दारूबंदी नवीनच लागू झाली होती तेव्हा. येरमाळ्याला एसटीत एक म्हातारा माझ्या शेजारी बसला. त्याच्या झोळीतल्या बाटलीत फिकट लाल काहीतरी होतं. आंबूस वास आला तसे मी पाय आखडले.

"काय हाय त्यात?"

"दारू. आमच्या विहिरीवरल्या देशी द्राक्षाची. तसा वेल कुठं न्हाय."

इतकं सरळ सांगतोय म्हटल्यावर माझा संशय वाढलाच.

पुढं पोलीस चढले. म्हाताऱ्यानं बाटली काढून दिली. त्यांच्याबरोबर उतरताना मात्र त्यानं ओल्या फडक्याचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

"त्याच वेलाच्या काड्या हायेत, आधीच छाटून ठेवलेल्या. वेल मेला. एवढ्या जगवा."

धाराशिवपर्यंत मी गाठोडं पुन्हापुन्हा सोडून पाहिलं. आत काड्याच होत्या. घरी पोचताच परसात लावल्या.