चिकपेटची धार

"स्वल्प थांब, पुसतेय."

बंगळूरच्या एका मॉलमधल्या स्केटिंग रिंकच्या बर्फावरून बाहेर आल्यावर अक्कांच्या तोंडचं हे पहिलं वाक्य. बाकावर बसायचं, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा आणि जुन्या पंच्याच्या तुकड्याने बुटाखालचं ब्लेड टाचेपासून पुढच्या दात्यांपर्यंत पुसत न्यायचं. मग दुसरा पाय. तोवर फोन वाजो, कोच कौतुक करायला येवो, सगळ्यांना एकच उत्तर. घरातली बाई देवाची उपकरणी पुसताना तुम्ही पाहिली असेल, तशाच त्या दिसायच्या. फक्त इथे उदबत्तीच्या जागी मॉलमधल्या पॉपकॉर्नचा वास असायचा.

अक्का साठीच्या, राहायला जयनगरला. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड पुरती मुरलेली. मी पुण्याची, नोकरीसाठी इथे आलेली. 'स्वल्प' हा शब्द मला फक्त स्वल्पविरामापुरता माहीत होता, त्यांच्या तोंडी तो 'जरा' म्हणून दिवसभर नांदायचा. नातीच्या मैत्रिणीचा वाढदिवस म्हणून त्या पहिल्यांदा त्या रिंकवर आल्या. नात थंडीने रडत बाहेर आली. अक्का काही बाहेर आल्या नाहीत.

मी चाळिशीत तिथे पोचले ते डॉक्टर 'जरा हालचाल करा' म्हणाले म्हणून. सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमधून मॉलपर्यंत येण्यातच माझा निम्मा जीव जायचा. थोडे दिवस भाड्याचे बोथट बूट घासले आणि मग आमच्या आयटीवाल्यांच्या स्वभावाप्रमाणे मी सगळ्यात भारी ब्लेडं ऑनलाइन मागवली. ती बुटांना बसवून रुबाबात बर्फावर उतरले आणि तोंडावर आपटले. ब्लेडांचे पुढचे दाते एवढे मोठे होते की पाऊल उचललं की तेच आधी बर्फात रुतायचे.

अक्कांनी मला उठवलं, बाकावर बसवलं, माझीही ब्लेडं पुसली आणि निरखून पाहिली.

"अय्यो, ही हवेत उड्या मारणाऱ्यांची गं. आपण अजून चालतोय. परत पाठव."

"मग कुठली घेऊ?"

"माझ्यासारखी. पाय आपले एकाच मापाचे आहेत. दाते छोटे, ब्लेड साधं. साध्यावर पडलीस तर दोष तुझा आहे हे तरी कळेल."

मी बूटही त्यांच्यासारखेच घेतले आणि ब्लेडंही. मग माझं शिक्षण सुरू झालं. प्लॅस्टिकची कव्हरं फक्त चालण्यापुरती, बॅगेत ठेवताना ती काढायचीच. "ओल्या पायांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून झोपशील का?" असं त्या विचारायच्या. बॅगेसाठी त्यांनी जुन्या टर्किश टॉवेलची इलॅस्टिकवाली कव्हरं शिवली होती. माझ्यासाठीही एक जोड शिवला आणि त्यावर दोन निळी फुलं भरली. घरी गेल्यावर ब्लेडं पुन्हा उघडी करून वाळवायची. त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या फिल्टरशेजारी बुटांचा जोड पालथा पडलेला मी कितीदा पाहिला आहे.

धारेच्या बाबतीत तर त्या फारच कडक. ब्लेडच्या तळाला एक बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा. स्केटिंग करणारा माणूस सुरीच्या पात्यावर चालत नाही, तो या दोन कडांपैकी एकीवर तोललेला असतो. ती पन्हळ कोरून देणारा, अक्कांना पटेल असा माणूस गावात नव्हता. त्यांची भाची दरवर्षी कॅनडाहून यायची. जाताना तिच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीसोबत टॉवेलात गुंडाळलेली ब्लेडं जायची आणि धार लावून कुणा येणाऱ्याबरोबर लगेच परत यायची.

अक्कांचे यजमान, आमचे काका, रोज त्यांच्याबरोबर मॉलमध्ये यायचे, पण रिंककडे फिरकायचे नाहीत. वर फूड कोर्टात पाठ करून बसायचे. एकदा त्यांनी अक्कांना पडताना पाहिलं होतं आणि तेवढं त्यांना पुरलं होतं. अक्कांना मात्र एकच गोष्ट साधायची होती. एका पायावर उभं राहून गोल फिरायचं आणि ते काकांनी पाहायचं. दुसरा पाय दर वेळी मध्येच खाली टेकायचा. त्या पुन्हा उभ्या राहायच्या.

रिंकवाल्यांनी आम्हा मोठ्यांसाठी छोटासा कार्यक्रम ठरवला, तेव्हा अक्कांचं ते फिरणं नुकतंच जमायला लागलं होतं. काकांनी येईन असा शब्द दिला. त्याच आठवड्यात जेवताना अक्का सहज म्हणाल्या, "धार स्वल्प कमी झालीय. भाची येईपर्यंत चालवून घ्यायचं."

काकांनी ते ऐकलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अक्का बहिणीकडे गेल्या असताना त्यांनी बुटांची ब्लेडं खोलली, पिशवीत घातली आणि मेट्रोने जुन्या बाजारातलं चिकपेट गाठलं. तिथे एका दुकानात त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घरच्या विळ्या आणि अडकित्ते जायचे. दुकानदाराने जीव ओतून काम केलं. पन्हळ घासून सपाट केली आणि एकच, चकाकती, सरळसोट धार काढून दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अक्कांनी टॉवेलची कव्हरं काढून मला ती ब्लेडं दाखवली.

"विळी झालीय बघ. कोथिंबीर छान चिरेल."

त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्या आधी बर्फावर जाऊन आल्या होत्या. पाय नुसता बाजूला घसरत होता.

"काकांना सांगितलंत?"

"काय सांगू? टेबलावर मांडून ठेवली होती. मी येईपर्यंत जेवलेसुद्धा नव्हते. 'केस कापला जाईल बघ' म्हणाले. मी म्हटलं, छान झालीय." त्यांनी ब्लेड पुसलं, तरीसुद्धा पुसलं. "राहू दे. गुडघा दुखतोय म्हणून सांगते त्यांना. नाही करत मी."

मला फार वाईट वाटलं. आणि मग माझी नजर माझ्या बुटांवर गेली. तीच कंपनी, तेच माप आणि मी बेताचीच फिरत असल्याने धारही शाबूत. अक्कांचे बूट त्यांच्या पायाला मुरलेले, म्हणून ब्लेडं तेवढी बदलायला मी काउंटरवरून स्क्रूड्रायव्हर मागून आणला.

"आणि तू?" अक्कांनी विचारलं.

"मी सगळ्यांच्या मागे नुसती एक चक्कर मारणार होते. मी नसले तर कार्यक्रम उलट बराच दिसेल."

भोकं जुळली, स्क्रू बसले. अक्कांनी माझी ब्लेडं दोनदा पुसली.

संध्याकाळी काका पहिल्यांदाच काचेशी येऊन उभे राहिले, स्वेटर घालून, मुठी आवळून. अक्का जुन्या भावगीतावर संथ फिरत आल्या, मधोमध थांबल्या, एक पाय उचलला आणि फिरल्या. एकदा, पुन्हा एकदा, आणि पाय खाली टेकला नाही. मी ओरडले. काका ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

अक्का बाहेर आल्या. "स्वल्प थांबा, पुसतेय," म्हणाल्या. पण काका कुठले थांबायला.

"बघितलंस? काय धार लागलीय!"

"मग! तुमच्या माणसाचा हातच तसा," अक्का खाली मान घालून माझी ब्लेडं पुसत राहिल्या. मी शेजारी मोज्यांवर उभी, बिनब्लेडांचे बूट पाठीमागे लपवून.

पुढे भाचीने नवी ब्लेडं आणली. अक्का त्यांवर फिरायच्या आणि काका आता काचेपासून हलायचे नाहीत.

गेल्या वर्षी दोघं कायमची मुलीकडे गेली, ती कॅनडातच भाचीच्या जवळ राहते. मी सामान बांधायला गेले होते. अक्का शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेल्या होत्या आणि काका त्या चिकपेटच्या ब्लेडांना टॉवेलची कव्हरं चढवत होते.

"काका, ही न्यायचीत? उगाच वजन."

"न्यायचीत. ही चालत नाहीत ते ठाऊक आहे मला." त्यांनी कव्हराचं इलॅस्टिक ओढून नीट बसवलं. "तू त्या दिवशी मोज्यांवर उभी होतीस. बूट लपवलेस, पण मागे काच होती ना! त्यात सगळं दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ती एवढी सुंदर फिरली. मध्ये माझं काय?" त्यांनी जोड कपड्यांच्या घडीत नीट ठेवला. "तिला सांगू नकोस हं. मला कळलं नाही असं तिला वाटतंय, ते तसंच असू दे."

मी "सरी" म्हटलं, म्हणजे बरं. एवढं कन्नड मलाही आलं होतं.

रिंकवर आता बाकाची ती कड रिकामी असते. नवीन येणारी मंडळी तिथे बॅगा टाकतात, आणि मला ते आवडत नाही. मध्यंतरी अक्कांचा फोन आला होता, तिकडच्या रिंकवरून, व्हिडिओवर. विमानतळावर ब्लेडांचं काय झालं ते मी विचारलं.

"अगं, बॅग उघडायला लावली! तिथल्या साहेबाने ती ब्लेडं हातात घेतली, बोट लावून बघितलं आणि म्हणतो, 'बहुत तेज़ है.' आणि आपले हे छाती काढून सांगतात, 'चिकपेट का धार है.' मी कशीबशी हसू दाबून उभी. बिचाऱ्यांना अजून ठाऊक नाही गं."

मी काही बोलणार होते.

"स्वल्प थांब, पुसतेय," अक्का म्हणाल्या आणि फोन बाकावर ठेवला. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. कापडाचा आवाज येत होता, आणि मग काकांचा: "दुसरा पाय इकडे दे. तो मी पुसतो."

मी थांबले.