अकराची चढण

भाकरी करपल्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. पासष्ट सालची गोष्ट, साताऱ्यात कॉलेजला होते. यवतेश्वरच्या सहलीला मुलं पहाटेच गेली. आम्हा मुलींसाठी सरांनी अर्ध्या दिवसाची, अकराला निघायची सहल निवडली, कारण सगळ्यांच्या भाकऱ्या आम्हीच थापायच्या होत्या. चारला उठून त्या थापल्या, टोपल्या घेऊन रणरणत्या उन्हात डोंगर चढलो, तर सावलीत लोळणाऱ्या मुलांपैकी एकजण म्हणतो, "पोरींस्नी पहाटं उठाय जमतंय व्हय!" सर चक्क हसले. माझ्या मैत्रिणीनं टोपली खाली ठेवलीच नाही. "चला गं," म्हणाली. पलीकडच्या टेकाडावर जाऊन आम्ही पोटभर जेवलो. सून विचारते, एवढ्या भाकऱ्या संपल्या? कुठल्या संपतायत! उरलेल्या माकडांना घातल्या, पण त्या मुलांना नि सरांना तुकडा दिला नाही.