ती चिठ्ठी मला मिळाली होती

माझा नवरा गेला, तोवर त्यालाही हे ठाऊक नव्हतं. बहिणीला नाही, लेकीला तर नाहीच नाही. तुम्हालाच सांगून राहिली — काऊन, ते विचारू नका. एवढंच झालं की परवा नातीच्या शाळेतून एक कागद आला. मुलींसाठी संयम-संस्काराचा वर्ग, पालकांची सही हवी. माझं डोकं असं फिरलं की तो कागद मी टराटरा फाडला. लेक बघतच राहिली. म्हणाली, आई, तू तर स्वतः हेच शिकवायचीस ना?

हो. शिकवायची. आणि फार छान शिकवते असं सगळे म्हणायचे.

सडक अर्जुनीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरून आत वळलं की धानाच्या बांध्या लागतात, त्या बांध्यांमध्ये आमचं हायस्कूल. मी विज्ञान शिकवायची. शाळेत बाईमाणूस मी एकटीच, म्हणून मुलींचं काहीही निघालं की ते माझ्या गळ्यात. दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. किशोरवयीन मुलींच्या शिक्षणासाठी म्हणून दोन दिवसांचं ट्रेनिंग गोंदियाला झालं. तिथे एका डॉक्टरबाईंनी सगळं सरळ सांगितलं — शरीर, पाळी, दिवस कसे राहतात, कसे टाळता येतात, काही झालं तर कुठे जायचं. आम्ही मास्तरणी पदर तोंडाला लावून खिदळत होतो. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक नियम सांगितला. वर्गात एक पेटी ठेवा, मुली नाव न घालता चिठ्ठ्या टाकतील. चिठ्ठी कुणाची ते शोधायचं नाही, पण उत्तर प्रत्येक चिठ्ठीला द्यायचं. एकही गाळायची नाही.

मी ते वहीत लिहून, खाली दोन रेघा मारून आणलं होतं.

ट्रेनिंगमध्ये मिळालेली पुस्तकं हेडमास्तरांनी चाळली आणि कपाटात टाकली. "मॅडम, संयम शिकवा. बाकीचं कायले सांगता पोरींले? नसतं सुचवल्यासारखं होते." बस, एवढंच बोलले. आता त्यांच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. पण त्या कपाटाची किल्ली माझ्याच जुडग्यात होती, आणि त्यांचं बोलणं ऐकून मला हायसं वाटलं होतं. खरंच सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

तर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास संयमाचा. मुली आत, खिडक्या बंद. आणि मुलं? मुलांना ग्राउंडवर कबड्डी! हसू येते ना? संयम पोरींनी पाळायचा, पोरांनी पाय ओढायचे. तेव्हा मला यात काही चुकीचं वाटलं नाही. मी पोरींना सांगायची — मन ताब्यात ठेवा, नजर खाली ठेवा, काचेचं भांडं एकदा तडकलं की तडकलं. दिवस कसे राहतात हे एका शब्दानं सांगितलं नाही. धडा होता पुस्तकात, तोही 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला. घरी कोण वाचणार होतं, डोंबल?

पेटी मात्र ठेवली. बिस्किटाच्या डब्याला वरून फट पाडली, रंगीत कागद लावला. अहवालाच्या फोटोत बरी दिसावी म्हणून. त्यात चिठ्ठ्या यायच्या — मुरुमं कशाने जातात, पाळीत लोणच्याला हात लावावा का. उत्तरं देणं सोपं होतं.

मग एका गुरुवारी ती चिठ्ठी निघाली.

आमच्याकडे त्रिवेणी नावाची एक मुलगी होती, दहावीत. गणितात बेताची, पण वही अशी की बघत राहावं. तिची एक सवय होती — पूर्ण ओळ लिहून झाली की अक्षरांवरची रेघ ती पट्टी धरून एकदम ओढायची. तीन वर्षं मी तिच्या वह्या तपासल्या होत्या. शाळेत असं दुसरं कुणी लिहीत नव्हतं. त्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. 'मॅडम, एकच खेप झालं तरी दिवस राहतात का? पाळी चुकली तं कोनाले सांगाचं?' आणि दोन्ही ओळींवर पट्टीने ओढलेली सरळ रेघ.

विचार करा. पोर पंधरा वर्षांची, एवढी भ्यालेली, आणि तरी पट्टी शोधून रेघ ओढते. कारण मॅडम वाचणार आहेत.

मला काय करायचं होतं? फार काही नाही हो! वर्गात उभं राहून, कुणाकडे न बघता म्हणायचं होतं — हो, एकदाच झालं तरी राहू शकतात, आणि पाळी चुकली तर मला येऊन सांगा, मी नर्सबाईंकडे सोबत येते. उपकेंद्र शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. तेव्हा वेळ हातात होता. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली. मला कीव आली नाही त्या पोरीची — राग आला. माझ्या वर्गातली? माझ्या तासाला बसून? मी एवढं घसा फोडून सांगते, आणि ही!

शनिवारी मी बाकीच्या चिठ्ठ्यांना उत्तरं दिली. मग म्हणाले, काही मुलींच्या मनात घाण भरली आहे. म्हणताना सरळ तिच्याकडे बघितलं. मग सगळ्यांना उभं केलं, उजवा हात पुढे, शपथ दिली — लग्नापर्यंत मी संयम पाळीन. त्रिवेणीनं सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हटली. अजून ऐकू येते मला.

सोमवारपासून ती आली नाही. महिन्याभराने तिची आई दाखला मागायला आली. घरच्यांनी तिला आतेच्या गावी नेलं होतं, तिथे कुणा बिनडिग्रीच्या डॉक्टरानं काहीबाही पाजलं होतं, पोर मरता मरता वाचली होती. हे सगळं गावाला माहीत होतं. मुलगा कोण तेही माहीत होतं. तो आमच्याच ग्राउंडवर कबड्डी खेळत होता, पुढे पासही झाला. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायचं असतं. मी माझ्या हाताने लिहिलं — पालकांचे स्थलांतर. पालक तिथेच होते, शाळेच्या रस्त्यावरच घर! त्या माउलीला वाचता येत नव्हतं. दाखला कपाळाला लावून ती निघून गेली.

त्याच आठवड्यात अहवाल पाठवायचा होता. 'उपक्रमाची परिणामकारकता' असा रकाना. मी लिहिलं, अत्यंत परिणामकारक, शाळेत एकही अनुचित प्रकार नाही. खोटं कुठे होतं? प्रकार शाळेत राहिलाच नव्हता. तालुक्याला शाल-नारळ देऊन सत्कार झाला माझा. थू माझ्या तोंडावर!

तुम्ही म्हणाल, झालं, हेच सांगायचं होतं. नाही. एवढं तर लेकीलाही कधीतरी सांगून टाकलं असतं.

रिटायर झाल्यावर मी डोळे दाखवायला गोंदियाला निघाली होती, सौंदडच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसली. एक बाई जवळ आली, "मॅडम, ओळखलं का?" त्रिवेणी. माहेरी येऊन परत निघाली होती. तिकडे छत्तीसगडात बिजवराला दिली होती, त्याची दोन लेकरं हीच सांभाळत होती. "माह्यं मात्र कोनी नाही, मॅडम. त्या औषधानं सगळंच गेलं." बातमी सांगावी तसं सांगितलं. मग म्हणाली, "एक विचारू? त्या डब्यात म्या एक चिठ्ठी टाकली होती. तुमाले भेटली होती का?"

डोळे अधू झाले होते, तरी तिचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हणाले, "कोणती गं? नाही बाई. नाही मिळाली."

तिनं मान हलवली. तिचा चेहरा मोकळा झाला, खरंच मोकळा झाला. "मले वाटलंच होतं. पडली असन कुठं. तुमी वाचली असती तं तुमी काईतरी केलंच असतं."

तेवढ्यात गाडी आली. डोक्यावर पदर घेऊन ती वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सुखी राहा.