गुरुवारची साक्ष

आमचा रविवार गुरुवारी येतो. भोसरीतल्या वर्कशॉपांना सुट्टी गुरुवारी, म्हणून आमची उपासनाही गुरुवारी. एका शेडच्या वरचा भाड्याचा हॉल, खाली चटया, बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे. मोठ्या चर्चमधली माणसं आम्हाला हसतात. हसू देत. रविवारी मशीनवर उभ्या असणाऱ्यांना देव आठवड्याच्या मधल्या वारी भेटतो, त्याला कोण काय करणार?

माझा नवरा पत्रा कापायच्या प्रेसवर होता. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा जड भाग खाली येतो, म्हणजे हात आत राहायची भीतीच नाही. पण त्यात वेळ जातो आणि सुपरवायझरला माल पाहिजे असतो. म्हणून डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकायची, उजव्या हातानं बटण दाबायचं आणि डाव्यानं पत्रा सरकवायचा. सगळेच करतात. फक्त शिफ्ट बदलताना पाचर काढायची, कारण पुढच्या माणसाला ती आहे हे माहीत नसतं आणि डावा हात आत असताना त्याचा उजवा नुसता बटणाला लागला तरी वरचा भाग खाली येतो. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला मी तोवर ऐकला नव्हता.

गुरुवारच्या उपासनेशिवाय आमची मधल्या एका वारी घरोघरी पाळीनं प्रार्थना सभा असते, आणि त्या दिवशी ती पाळी आमच्या घरी होती. नवऱ्याची दुसरी शिफ्ट. त्याच मशीनवर पहिल्या शिफ्टला जो होता, तो आमच्याच मंडळीतला, नगरकडचा, मागच्या गल्लीत राहणारा. मंडळीत ढोलकी तोच वाजवायचा. माझ्या हातची भाकरी त्यानं कितीदा खाल्ली असेल. मला वहिनी म्हणायचा आणि मी त्याला भावजी. हॉलमधून ढोलकी आणि चटया आमच्या घरी आणायचं काम त्याच्याकडे होतं. उशीर नको म्हणून तो कामावरून घाईनं निघाला आणि पाचर तशीच राहिली. देवाच्या कामाची घाई होती त्याला.

आम्ही गात होतो तेव्हा फोन आला. फोन माझ्या कानाला होता, आणि मी काही बोलायच्या आधी ढोलकी थांबली. त्यानं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं, आणि मी त्याच्या. नवऱ्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली होती. अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्यात त्यानं सगळ्यांसमोर नवऱ्याचे पाय धरले. "भाऊ, पाचर माझी होती." नवरा औषधाच्या गुंगीत होता, तरी म्हणाला, "ऊठ बाबा. म्या बी लावतोच की." झालं. नवऱ्याची माफी तिथंच देऊन झाली. माझी कोणी मागितली नाही, आणि मागितली असती तरी माझ्याकडे नव्हती.

मग वर्कशॉपचा मालक म्हणाला, पाचर तुमच्या नवऱ्यानंच ठोकली, चूक त्याची, भरपाई कसली आणि परत काम कसलं? सुपरवायझरनं कानावर हात ठेवले. आणि मालकाच्या केबिनबाहेर हा ढोलकीवाला खाली मान घालून उभा राहिला. दवाखान्यात रडणारा तोच हा. केबिनचं दार उघडंच होतं. त्यानं आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, पण बोलला नाही. घरी बायको गरोदर होती, हे मलाही माहीत होतं. पण माझ्याही घरी माणूस होताच की.

तिथून पुढे मला प्रेमाचे धडे सुरू झाले. आमच्या मंडळीचे पाळकसाहेब घरी यायचे, चहा घ्यायचे आणि सांगायचे, बाई, त्याच्यावर प्रेम करा. प्रेम ही भावना नाही, आज्ञा आहे. मनात नसलं तरी आधी कृती करा, मन मागून येतं. राग धरून ठेवला तर तो तुम्हालाच जाळेल. पाळकीणबाई माझा हात हातात घेऊन तेच पुन्हा सांगायच्या. मी ऐकून घ्यायचे. एकदा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, प्रेम करायचं काम तुम्ही नेहमी ज्याचं गेलं त्यालाच का देता? ज्यानं घालवलं त्याला खरं बोलायचं काम कधी देणार?" पाळकसाहेब भले गृहस्थ. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, प्रार्थना करू या.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी प्रभूभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट हातोहात फिरतं. कुणाशी वैर असेल तर आधी ते मिटवायचं, मगच तुकडा घ्यायचा, अशी आमच्या मंडळीची शिस्त. मी तुकडा न घेताच ताट पुढच्या बाईकडे द्यायला लागले. बायका माझ्याकडे बघायच्या. बघू देत. खोटं खाण्यापेक्षा उपाशी बरी. पण खरं सांगायचं तर त्या तुकड्यासाठी माझा जीव तुटायचा. माझ्या आज्यापासून आमच्या घरात कोणी तो चुकवलेला नव्हता.

नवऱ्याला पुढे पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत गेटवर काम मिळालं. एजन्सीवाल्यानं सांगितलं, डावा हात खिशात ठेवत जा, फ्लॅटवाल्यांना बघवत नाही. मोटारसायकल दारात ताडपत्रीखाली पडून राहिली, कारण क्लच डाव्या हाताचा. मी चाकणला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायला लागले. पहाटे बसमध्ये बसले की आजूबाजूच्यांची बोटं बघायचे. ती सवय अजून गेलेली नाही.

आमच्या उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. हा ढोलकीवाला जवळजवळ दर गुरुवारी उठायचा. माझ्या हातून मोठं पाप झालं, पण प्रभूनं ते धुतलं, माझं मन आता हलकं आहे, असं म्हणायचा. लोक आमेन म्हणायचे. माझा नवरासुद्धा म्हणायचा, हात खिशात ठेवून.

एका गुरुवारी त्याचं झालं आणि तो खाली बसायच्या आत मी उठले. साक्षीला मी कधीच उठत नसे, म्हणून सगळे वळून बघायला लागले. मी म्हटलं, "भावजी, प्रभूला सांगून झालं असेल तर आता मालकालाही सांगा. प्रभूला आधीच माहीत होतं. मालकाला माहीत नाही."

कोणी आमेन म्हटलं नाही. त्याची बायको कडेवर बाळ घेऊन माझ्या पुढच्याच चटईवर बसली होती. तिची पाठ ताठ झाली, पण ती वळली नाही. उपासना कशीतरी उरकली.

दुसऱ्या दिवशी तो मालकाकडे गेला. केबिनमध्ये जाऊन म्हणाला, पाचर माझी होती, भाऊंची काही चूक नाही. मालकानं त्याला त्याच पावली काढून टाकलं. माझ्या नवऱ्याला निरोप आला, आता दोघं मिळून काय ते बघा, आमचा प्रश्न मिटला. म्हणजे तेल गेलं, तूपही गेलं. खरं बोललं गेलं आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही. नवऱ्यानं मला इतकंच विचारलं, "झालं समाधान?"

मी बोलले ते चूक होतं, असं मला आजही वाटत नाही. पण भावजी मजूर अड्ड्यावर उभा असतो, कामाला नेणारा आला की इतरांसोबत धावतो, हे कॅन्टीनच्या बसमधून रोज दिसायला लागलं, तेव्हा माझ्या रागाला बसायला जागा उरेना. मला वाटलं, आता जमेल. त्यानं त्याचं केलं, आता माझं मी करायचं. आधी कृती, मन मागून. एका संध्याकाळी मी भाकऱ्या आणि पिठलं बांधून घेतलं आणि त्याच्या खोलीवर गेले.

दार त्यानंच उघडलं. दाढी वाढलेली, हातांना सिमेंटच्या भेगा. आत बाळ रडत होतं. मी डबा पुढे केला आणि पाठ करून आणलेलं बोलले, की भावजी, झालं गेलं विसरू या, माझ्या मनात आता काही नाही.

त्यानं डबा घेतला नाही. म्हणाला, "वहिनी, तुम्ही बोललात ते खरंच होतं. म्हणून तर गेलो. पण ते मला घरी येऊन सांगता आलं असतं. लेकराच्या आईसमोर, सगळ्या मंडळीसमोर मला नागडं केलंत. आता तुम्हाला पाहिजे होतं ते झालं ना? मग एक मेहरबानी करा. माझ्यावर प्रेम करायला येऊ नका." आणि त्यानं दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच. मी गरम डबा हातात घेऊन गल्लीत उभी राहिले. मला त्याचा राग आला, लाज वाटली, आणि रडूही आलं, पण आधी काय आलं ते सांगता यायचं नाही.

पुढचं प्रभूभोजन आलं. त्या दिवशी तुकडा घ्यायचा असं ठरवूनच मी गेले होते. ताट आधी पुरुषांकडे फिरतं. मी मुद्दाम डावीकडे बघत होते. ताट त्याच्या हातात आलं. त्यानं क्षणभर ते धरलं आणि शेजाऱ्याकडे दिलं. तुकडा घेतला नाही.

मग ताट माझ्याकडे आलं. मीही ते पुढे दिलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच रागानं नाही.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी त्याला जिन्यापाशी बाजूला घेतलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते हलक्या आवाजात काही सांगत होते. तो भिंतीकडे बघत होता. काय सांगत होते ते मला ऐकू येत नव्हतं, पण त्यातला शब्द न् शब्द मला पाठ होता. प्रेम ही आज्ञा आहे. मन मागून येतं. राग धरलास तर तुलाच जाळेल. त्याच्यासमोर ठेवलेली वैरीण आता मी होते.

चपला शोधायच्या निमित्तानं मी जिन्यावर खाली वाकले आणि कित्येक महिन्यांनी त्याच्यासाठी मनापासून प्रार्थना केली. म्हटलं, देवा, मला जमलं नाही, निदान त्याला तरी जमू दे.